चाकाखालचा दगड

मंगळवारी सकाळी शाळेच्या वळणावर एवढी गर्दी होती, की वाहतूक सुरक्षेचा प्रश्न आपोआप सुटला होता. गाडीला पळायलाच जागा नव्हती. गावाचं नाव मी सांगत नाही. धरणगावकडून नरडाण्याला जाताना लागतं, एवढं पुरे. मी तिथल्या नगरपरिषदेत सभेचे ठराव लिहिणारा कारकून आहे आणि माझ्या निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत.

गर्दीच्या मधोमध, रस्त्याकडेच्या लांब भिंतीला लागून घातलेल्या मंडपापुढे ओढनाथ महाराज उभे होते. भगवी कफनी, काळा गॉगल, गालाशी चिकटलेला माइक.

"गाडी न्यूट्रल करा, भक्तहो! मनही न्यूट्रल करा! बुद्धी गिअरमध्ये असली, की ओढमाता ओढत नाही!"

भुसावळहून आलेल्या एका कुटुंबानं चौकाच्या टोकाला कार बंद केली. चौकातून शाळेकडे रस्ता चढत जातो, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं. आणि ती बंद कार, आत चार माणसं आणि डिकीत सामान असताना, हळूहळू चढ चढू लागली! बायांनी हात जोडले, पोरांनी मोबाइल वर केले. महाराजांनी लिंबू सोडलं, तेही वर गेलं. तांब्यातलं पाणी ओतलं, तेही वर गेलं. आमचे नगराध्यक्ष सुकदेवनाना यांनी डोळे मिटले. एरवी ते फक्त सभेत मिटतात.

आता त्या दिवशी नाना तिथे का आले होते, ते सांगतो. त्याच वळणावर पाच महिन्यांत सात अपघात झाले होते. सातवा प्रज्ञाचा. आठवीतली पोर, शाळेतून बाहेर पडत होती. कापसाच्या गाठी नेणाऱ्या पिकअपनं उडवली. मांडीचं हाड मोडलं. तिची आई मंदाबाई, बांधकामावर मजुरी करणारी बाई, गतिरोधकासाठी तीनदा अर्ज घेऊन आली. तिन्ही अर्जांवर 'दप्तरी दाखल' असा शेरा मी माझ्या हातानं लिहिला. मुख्याधिकारी साहेबांनी सांगितलं म्हणून लिहिला, पण हात माझाच होता.

चौथ्या वेळी मात्र विषय सभेपुढे आला आणि महाराज आडवे आले. "गतिरोधक घातला, तर मातेची ओढ अडेल! माता कोपेल! अपघात होतात, कारण मातेला ओटा नाही." मग काय, सभेनं ठरवलं, की मंगळवारी जागेवर जाऊन पाहणी करायची आणि तिथेच निकाल लावायचा: गतिरोधक की देवीचा ओटा. ओट्याच्या बाजूला सोळा नगरसेवक होते, गतिरोधकाच्या बाजूला दोन. त्यातले एक बहिरे होते. त्यांनी नेमका कशाला हात वर केला, हे मला अजून कळलेलं नाही.

पिकअपचा चालक आधार महाराजांच्या पायाशी बसला होता. वाईट माणूस नव्हे. अपघातानंतर त्यानंच प्रज्ञाला उचलून दवाखान्यात नेलं होतं. तो सगळ्यांना एकच सांगायचा, "चढ होता, भाऊ. मी वेग वाढवला नव्हता. गाडी आपोआप पळत सुटली. आईनंच ओढली."

तेवढ्यात गर्दीतून मंदाबाई पुढे आली. खांद्यावर पारदर्शक नळीचं वेटोळं, पाठीमागे दोन बांबू घेऊन सुपडू मिस्त्री. गवंडी लोक जोत्याची पातळी काढायला जी पाण्यानं भरलेली लांब नळी वापरतात, तीच ही.

"नाना, पाहनीना आदुगर माले पाच मिनिटं द्या," ती म्हणाली.

"बाई, आता मध्येच हे काय?"

"बावीस वरीस व्हयनात, मी हाईच नळी धरस. आज तुम्हनासाठे धरस."

महाराज हसले. "माते, विज्ञान जिथे संपतं, तिथे माझी जीप उभी असते!"

खरंच उभी होती. चढाच्या मध्यावर, तोंड शाळेकडे, पुढच्या काचेवर मातेचं चित्र.

सुपडूनं चौकाच्या टोकाला बांबू रोवला, मंदाबाईनं शाळेच्या टोकाला. नळीचं एक तोंड त्याच्याकडे, दुसरं तिच्याकडे. पाणी थोडं डुललं आणि थांबलं. दोघांनी पाण्याच्या रेषेवर बांबूला खडूची खूण केली.

"देखा आते," मंदाबाई म्हणाली. "नळीनं पानी दोन्ही तोंडाले एकच पातळीवर ऱ्हास. सुपडूभाऊनी खूण रस्त्यावरथीन कमरेइतकी शे. मन्ही छातीइतकी. म्हंजे रस्ता कोठे खाले शे?"

दहावीतली एक पोरगी ओरडली, "शाळेकडे खाली आहे! हा चढ नाही, उतार आहे!"

"भ्रम!" महाराज गरजले. "नळीतलं पाणीही मातेनंच ओढलं!"

गर्दीनं सुटकेचा श्वास सोडला. मीही क्षणभर घाबरलो, खोटं कशाला बोलू? डोळ्यांना चढ स्पष्ट दिसत होता आणि डोळ्यांवर अविश्वास दाखवणं सोपं नसतं.

मंदाबाई मात्र जणू याचीच वाट बघत होती. तिनं दोन्ही खुणांवर सुतळी ताणून बांधली. मग महाराजांच्या मंडपाचा हिरवा पडदा सरळ सोडून घेतला आणि त्या सुतळीवर असा पसरला, की रस्त्याकडेची लांब भिंत पुरती झाकली गेली.

आणि माझ्या डोळ्यांदेखत चढ नाहीसा झाला.

रस्ता तोच होता, माणसं तीच होती. पण आता तो साधासुधा, शाळेकडे उतरणारा रस्ता दिसत होता. नानांनी डोळे चोळले. कुणीतरी पडदा बाजूला केला, तर पुन्हा चढ! पडदा ओढला, तर उतार! पोरांना तर खेळच सापडला.

"हाई भिंत," मंदाबाई म्हणाली, "सहा महिना पहिले नगरपालिकेनी बांधी. विटा मीच उचल्यात. विटा कमी पडन्यात, मंग ठेकेदारनी सांगं, तिकडथीन कमी करत आना. चौकाकडे कमरेइतकी, शाळाकडे गुडघाइतकी. वरथीन गुळगुळीत प्लास्टर, पिवळा पट्टा. मानूस भिंत सरळ समजस. रस्त्यापेक्षा भिंत जास्त उतरस, म्हनीसन रस्ता चढस असा वाटस."

म्हणजे ओढमाता दुसरीतिसरी कुणी नव्हती, आमच्याच बांधकाम विभागानं उभी केलेली भिंत होती. आमच्या कार्यालयानं आजवर केलेलं सर्वांत प्रभावी काम म्हणायला हरकत नाही.

आधार उठून उभा राहिला. तोंड पांढरंफटक. "मी चढ समजलो. चढावर कोण ब्रेक मारतं? मी ॲक्सिलेटरवरचा पाय काढलाच नाही... उतारावर!" तो मंदाबाईकडे वळला. "अक्का, ते मातेनं नाही केलं. मी केलं."

"तू एकलानी नही," ती म्हणाली. "तू भिंतले भुलना. पन ज्याले माहीत व्हतं, त्यानं काय?"

ती जीपजवळ गेली आणि खाली वाकली.

"महाराज, चढवर गाडी उभी करी, तर दगड कोन्त्या चाकले लावतस?"

उत्तर आधारनं दिलं, चालकच तो. "मागच्या चाकाच्या मागे. गाडी मागे घसरू नये म्हणून."

"मंग हाऊ दगड पुढला चाकना पुढे का शे?"

सगळी गर्दी वाकून बघू लागली. शाळेच्या बाजूनं, पुढच्या चाकासमोर, चांगला ओंजळभर मोठा काळा दगड ठेवला होता. भक्तांना चढ दाखवणाऱ्या महाराजांनी आपल्या जीपला मात्र उताराचा दगड लावला होता! हा दगड आम्ही सगळ्यांनी पाच महिने पाहिला होता. त्याला कुणीतरी हळदकुंकूही वाहिलं होतं.

"दगड काढू का?" दहावीतल्या पोरीनं विचारलं.

"नको!" महाराज किंचाळले. "गाडी जाईल खाली!"

खाली. माइक चालूच होता, त्यामुळे तो शब्द चौकापर्यंत गेला. आधी एक जण हसला, मग सगळा रस्ता हसला. भुसावळवाल्यांनी लिंबाचे पैसे परत मागितले. महाराजांनी त्या दिवशी जीप गिअरमध्ये टाकून नेली, बुद्धीसकट.

पाहणीचा अहवाल मी तिथेच, जीप गेल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत उभा राहून लिहिला. गतिरोधक मंजूर, भिंत पाडणे मंजूर, ओटा नामंजूर. नाना म्हणाले, "भिंतीचं जरा सौम्य लिहा." मी सौम्य लिहिलं नाही. मंदाबाईचे तिन्ही अर्ज दप्तरातून काढून ठरावाला जोडले आणि माझा शेरा खोडून खाली सही केली.

गतिरोधक झाला. परवा प्रज्ञा कुबडी घेऊन त्या रस्त्यावरून शाळेत गेली. समोरून आधारचा पिकअप आला, गतिरोधकावर थांबला आणि ती पलीकडे पोचेपर्यंत थांबून राहिला. चमत्कार झाला नाही. ब्रेक लागला.

वाचकहो, तुमच्याही गावात कुठेतरी काहीतरी आपोआप वर चढत असेल. हात जरूर जोडा, पण आधी त्याच हातांनी एकदा नळी धरून बघा. नळी नसेल, तर निदान वाकून महाराजांच्या चाकाखाली दगड कुठल्या बाजूला आहे, ते पाहा. आम्ही वाकायला पाच महिने लावले. त्याची किंमत एका पोरीच्या पायानं मोजली.