पाटकऱ्याची तांबडी खूण

मी एक जुनी मोटारसायकल आहे, मित्रांनो. येडगावच्या धरणाखाली, पत्र्याच्या छपरात, कडब्याच्या पेंढ्यांना टेकून मी उभी असते आणि समोर येईल त्याच्याकडं आधी संशयानंच बघते. रस्त्यानं भंगारवाला हाळी देत गेला तरी माझ्या रिकाम्या टाकीत धस्स होतं. तुमच्यासारखी पोरं 'गाडी बघू, गाडी बघू' करत येतात, तेव्हा त्यांचे हात आरशाकडं चाललेत की हॉर्नकडं, यावर माझं बारीक लक्ष असतं.

हा स्वभाव मी कारखान्यातून आणलेला नाही. तिथं मी चांगली हसतमुख होते. तापलेल्या लोखंडातून, साच्यातून, रंगाच्या हौदातून माझा जन्म झाला. काळी टाकी, तिच्यावर सोनेरी रेघ. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला भागुजींनी मला घरी आणलं. त्यांच्या घरी नारळ फोडायची रीत नव्हती. बायडाबाईंनी बाबासाहेबांच्या तसबिरीजवळचं मोगऱ्याचं एक फूल आणून माझ्या हॅंडलवर ठेवलं आणि म्हणाल्या, "नीट ऱ्हा गं बाई. यांच्या हाताखाली ऱ्हायचंय तुला."

त्या असं का म्हणाल्या, ते मला लवकरच कळलं. भागुजी कुकडीच्या पाटावर पाटकरी होते. कुणाच्या रानाला पाणी कधी सुटायचं आणि कधी बंद व्हायचं, हे बघणं त्यांचं काम. पाण्यासारखी वस्तू, मित्रांनो, आणि तीही उन्हाळ्यात! माणूस कितीही सज्जन असला तरी शेजारच्याचं रान भिजताना बघून त्याचा हात चारीच्या दाराकडं वळवळतोच. म्हणून भागुजींनी एक युक्ती काढली होती. दार बंद केलं की दाराच्या चाकावरून खालच्या दांड्यापर्यंत तांबड्या ऑइलपेंटची एक सलग रेघ ओढायची. कुणी चाक जरासं जरी फिरवलं की रेघ तुटलीच. मग बसा बोंबलत. पेंटचा तो डबा आणि झिजलेला ब्रश त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत कायम असायचा.

अशा माणसाच्या मांडीखाली सात-आठ पावसाळे काढल्यावर गाडीनं कसं व्हावं? पाटाच्या कडंनं जाताना मीसुद्धा दिव्याच्या एका डोळ्यानं उसाच्या सरीत वाकून बघायला लागले. लोक माझं कौतुकही करत. म्हणत, भागुजीच्या गाडीचा आवाज आला की पाणी आपोआप पाटात परत जातंय. बायडाबाईंना घेऊन मी घोडेगावला त्यांच्या माहेरी जायची, तेव्हा त्यांच्या भावजया मला फडक्यानं पुसत. ते माझे सुखाचे दिवस.

बायडाबाईंच्या मनात एक गोष्ट फार वर्षं होती. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून ते म्हणायचे, एकदा वैशाखी पौर्णिमेच्या सकाळी लुंबिनीत वंदनेला बसायचं. त्यांचं राहून गेलं. ते आता बायडाबाईंनी मनावर घेतलं होतं. लुंबिनी नेपाळात, म्हणजे परदेशात. घोडेगावचा एक जण यात्रेची बस नेत होता. भागुजी त्याला भेटून आले आणि म्हणाले, "त्याचं डोळं बराबर न्हाईत. अर्ध्यात सोडून द्यायचा." रेल्वेचं विचारलं, तर रेल्वेत सामान पळवतात. शेवटी ज्या एका जीवावर त्यांचा भरवसा होता, तो मीच.

अठ्ठ्याण्णव साली पाटाच्या पाण्याची उन्हाळी पाळी संपली आणि आम्ही निघालो. पुढं भागुजी, मागं बायडाबाई, दोन्ही बाजूंना गाठोडी. बायडाबाई माझ्या फटफटीच्या तालावर ओवी म्हणत होत्या:

पयली माझी ओवी, लुंबिनीच्या वाटंला
निघाला धनी माझा, दार लावून पाटाला

नाशिक गेलं, नर्मदा ओलांडली, बोली बदलली, चहाचे कप जाऊन कुल्हड आले. भागुजींनी वाटेत कुणावरच विश्वास टाकला नाही. माझ्या जातीच्या गाडीला पेट्रोलात ऑइल मिसळून द्यावं लागतं. ते ऑइल त्यांनी येडगावाहून कॅनमध्ये भरून आणलं होतं, कारण परमुलखातल्या पंपावरच्या ऑइलात काय असेल, काय नेम! गोरखपूरला तो कॅन आटला. पंपावरच्या पोरानं ऑइलची बाटली पुढं केली. भागुजींनी ती उजेडात धरून उलटीसुलटी केली, हुंगली आणि परत दिली. म्हणाले, आता थोडंच तर राहिलंय, जाईल तशीच.

मी कशी जाणार, मित्रांनो? कोरड्या घशानं किती पळायचं? सरहद्दीवर भन्सार भरली, भन्सार म्हणजे तिकडची जकात, कमानीखालून आम्ही नेपाळात शिरलो आणि भैरहवा गावाच्या तोंडाशी माझा पिस्टन ब्लॉकमध्ये घट्ट धरला गेला. मागचं चाक करकचून थांबलं. पौर्णिमा परवावर आली होती आणि लुंबिनी तिथून तासाभराच्या वाटेवर.

ढकलत ढकलत त्यांनी मला एका गॅरेजपुढं आणलं. कडुनिंबाखाली पत्र्याची टपरी, आत एक बुटका, शांत माणूस. नाव पूर्णबहादुर. त्यानं मला खोललं, ब्लॉक काढून बोट फिरवलं आणि अर्ध्या हिंदीत सांगितलं की ब्लॉक बोअर करावा लागेल, म्हणजे आतून कातून मोठा करावा लागेल, पिस्टन नवा टाकावा लागेल, लेथ पुढच्या बुटवल गावाला आहे. मग बायडाबाईंकडं बघून मान हलवत म्हणाला, "भोलि."

बायडाबाईंचा चेहरा फिरला. "ऐकलं का वो? मला भोळी म्हनला त्यो."

"म्हननारच," भागुजी म्हणाले. "गिऱ्हाईक भोळं हाय हे त्यानं वळखलंय."

तो आत दुसऱ्याच गाडीचा टायर काढायला वळला तेवढ्यात भागुजींनी पिशवीतून डबा काढला. ब्लॉकच्या पात्यांवर तांबडा ठिपका, चांगला जाड. मग उरलेल्या सगळ्या भागांवर, चाकावर, मॅग्नेटवर, शेवटी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरसुद्धा. पूर्णबहादुरनं ब्लॉक पोत्यात गुंडाळला आणि बुटवलच्या बसमध्ये चढला. पोटात पोकळी घेऊन मी कडुनिंबाखाली पडले. खरं सांगते, माझाही त्याच्यावर भरवसा नव्हता. गाडीचा ब्लॉक म्हणजे तिचं काळीज. ते पोत्यात घालून कुणी परक्या गावाला नेल्यावर कसलं अवसान राहतंय!

ब्लॉक तिथंच ठेवून तो रिकाम्या हातानं परत आला. लेथवर गर्दी होती. संध्याकाळपर्यंत बायडाबाई टपरीबाहेर बसून त्याला न्याहाळत होत्या. एक झुबकेदार मिशांचा ट्रॅक्टरवाला आला, काही तरी विचारून गेला. पूर्णबहादुर त्यालाही म्हणाला, "भोलि." मग एक सायकलवाला आला. त्यालाही भोलि. बायडाबाई हळूच नवऱ्याला म्हणाल्या, "आवो, त्या मिशाळ गड्याला कशापायी भोळी म्हनंल ह्यो? ह्यांच्यात उद्याला भोलि म्हनत असत्याल."

"असंल," भागुजी म्हणाले. "म्हंजे आजचा दिस माल बदलायला मोकळाच की."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बुटवलला गेला, पण उशिरापर्यंत फिरकला नाही. आला तो पौर्णिमेच्या पहाटे, पहिल्या बसनं. फडक्यातून त्यानं ब्लॉक काढला. लखलखीत! काजळी नाही, चिकटा नाही. आणि तांबडा ठिपकाही नाही.

भागुजींनी तो ब्लॉक हातात घेऊन चारी अंगांनी फिरवला. "ये मेरा नहीं."

"आपका ही है."

"मेरेपे निशान था. लाल."

पूर्णबहादुर आठवू लागला. "गंदा था. रंग गिरा था कुछ. मैंने अच्छे से धो दिया."

"धुतला म्हनं!" भागुजी बायडाबाईंकडं वळले. "पाटाच्या दारावरची रेघ सालोसाल पान्यात हाय. कधी धुतली गेली? मला शिकवतो."

पूर्णबहादुरनं पाना उचलला. खाली बसून त्यानं नवा पिस्टन घातला, ब्लॉक जागेवर चढवला, बोल्ट आवळले. आणि मला कळलं, मित्रांनो. जुनी वहाण पायाला कळते ना, तसं. माझाच होता तो! पहिल्याच किकला मी चालू झाले. याहून मोठ्यानं मला बोलता येत नाही. पण पिस्टन नवा, आवाज घट्ट. भागुजींनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, आवाजसुद्धा दुसऱ्याच गाडीचा आहे.

पूर्णबहादुरनं बजावलं की नवा पिस्टन आहे, हळू चालवा, ऑइल जास्त घाला, तापू देऊ नका. पुढच्या चौकात पोलिसांची चौकी होती. भागुजींनी तिथं मला उभी केली, आत गेले आणि ब्लॉक बदलल्याची तक्रार केली. टपरी बोटानं दाखवली. एक शिपाई काठी घेऊन तिकडं निघाला, तेवढं बघून आम्ही लुंबिनीची वाट धरली. मागं बायडाबाईंच्या तोंडी ओवी नव्हती.

लुंबिनी थोडीच उरली असताना एक पंप लागला. या वेळी भागुजींनी निमूट पंपावरचंच ऑइल घेतलं. पेट्रोल भरणाऱ्याचा हात हलला आणि टाकी उतू गेली. मला कुठं डाग पडला की बायडाबाईंना राहवत नाही. त्यांनी झाकण लावलं आणि पदरानं झाकणासकट टाकी पुसली.

पदर तांबडा झाला.

त्यांनी झाकणाकडं बघितलं. दाट थापलेल्या ठिपक्यावर नुसती साय धरली होती, आत रंग ओलाच होता आणि पेट्रोलानं तो सगळा उचलला होता. पाण्याला हा रंग कधी भ्यायला नव्हता, पण पेट्रोलशी त्याची गाठ पडली नव्हती, आणि गॅरेजवाले ब्लॉक धुतात तो पेट्रोलानंच.

"आवो," बायडाबाई म्हणाल्या, "पदर बघा."

भागुजींनी बघितलं. पदराचं टोक चिमटीत धरून हुंगलं. लांबून भोंग्यावर वंदनेच्या तयारीचे आवाज ऐकू येत होते. पांढऱ्या कपड्यांतली माणसं घाईनं पुढं चालली होती. भागुजी म्हणाले, इतकं जवळ आलोय, वंदना करू, परतताना त्याची माफी मागू, वाट तीच आहे.

"आन् तवर त्यानं चौकीत बसायचं?" बायडाबाई म्हणाल्या. "त्या मानसाला चोर करून मी तिथं कंचं तोंड घेऊन बसू? फिरवा गाडी."

भागुजींनी गाडी फिरवली. आणि मग त्यांनी मला पळवलं, मित्रांनो, कसलं पळवलं! नवा पिस्टन, कच्चं बोअर, वर वैशाखाचं ऊन. माझ्या अंगाची लाही झाली. तरी मी थांबले नाही. संशयी गाडीलासुद्धा थोडी लाज असते.

पूर्णबहादुर चौकीतल्या बाकावर बसला होता. कोपरापर्यंत काळे हात मांडीवर उपडे ठेवून. टपरी तशीच उघडी टाकून त्याला आणलं होतं. बायडाबाईंनी शिपायापुढं पदर पसरला आणि मराठी-हिंदीची खिचडी करून सगळं सांगितलं. रंग, पेट्रोल, सगळं. शिपायाला किती समजलं कोण जाणे, पण तो हसला आणि जा म्हणाला. भागुजी हात जोडून दाराशी उभे होते. जन्मभर दुसऱ्यांना जाब विचारलेला माणूस!

पूर्णबहादुर त्यांच्या अंगावरून सरळ बाहेर आला. माझ्यापाशी वाकला, बोटांची मागची बाजू ब्लॉकला लावली आणि चटकन काढून घेतली.

"इतना दौड़ाया?" तो भागुजींवर खेकसला. "बोला था ना, नया है?"

त्यानं स्वतः ढकलत मला त्याच्या कडुनिंबाखाली नेलं. भागुजी मागोमाग गेले. म्हणाले, शिव्या दे, मार, पण काही तरी बोल बाबा. पूर्णबहादुर माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि एवढंच म्हणाला, "पहले ठंडा होने दो. फिर बोलेंगे."

मग आम्ही सगळे थंड होत बसलो. ऊन डोक्यावर आलं. तिकडं वंदना संपली असणार, हे बायडाबाईंना ठाऊक होतं. त्यांनी गाठोड्यातून येडगावाहून आणलेल्या बाजरीच्या खारवड्या काढल्या आणि आधी पूर्णबहादुरपुढं धरल्या. त्यानं एक उचलून वास घेतला, भागुजींकडं संशयानं बघितलं आणि मग खाल्ली. बायडाबाईंना हसू आवरेना.

दुपार कलल्यावर आम्ही लुंबिनीला पोचलो. गर्दी पांगली होती, बाया झाडूनं पाकळ्या गोळा करत होत्या. बायडाबाई रिकाम्या पटांगणात बसल्या आणि एकट्यानंच वंदना म्हणाल्या. भागुजी त्यांच्यामागं बसले. मला झाडाखाली लावताना त्यांनी किल्ली माझ्यातच ठेवली. ती विसरली की मुद्दाम ठेवली, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी मात्र जवळून जाणाऱ्या प्रत्येक हाताकडं डोळे वटारून बघत उभी होते.

पुढं भागुजी नोकरीतून सुटले. त्यांच्या मुलानं, रत्नदीपनं, नवी गाडी घेतली. तिला पेट्रोलात ऑइल घालावं लागत नाही, म्हणे. माझ्या सीटवर कोंबड्या बसू लागल्या, सोनेरी रेघ उडाली. त्याचं मला फार दुःख नाही. अजूनही कधी भागुजी येतात, धूळ झटकतात, ब्लॉकवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहतात आणि जातात.

म्हणून सांगते, मित्रांनो. तुमच्या घरी जी काही गाडी असेल, तिला वेळेवर ऑइल घाला, धुवा, पुसा. आणि कुणाचा संशय आला, तर तो यायचाच, माझ्यासारखीला तर रोज येतो, पण बोलण्याआधी थोडं सावलीत बसा. तापलेलं इंजिन आणि तापलेलं तोंड, दोन्ही त्या घटकेला उघडू नका. वाफेनं हात भाजतो, आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्याचाच असतो.