पूजेतलं पाकीट

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी व्हॅन आहे. सतरा माणसं बसतील एवढी मोठी.

माझ्या आणि कारखान्यात माझ्यासोबत घडलेल्या गाड्यांच्या ब्रेकची नळी सांगाड्याला घासत होती. दोष जन्माचा. मला तो जाणवायचा, पण सांगणार कशी? मला हॉर्नशिवाय वाचा नाही, आणि तोही दुसऱ्याने दाबावा लागतो.

रिठदच्या पंजाबरावांनी मला सहा वर्षं जपलं, मग कामरगावच्या रामधनला विकलं. कामरगाव ते कारंजा, रोज चार फेऱ्या. "एसटी चुकन, पण हे नाई चुकत," असं लोक म्हणत. ऐकून बरं वाटायचं.

पुढे कंपनीने सदोष गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या. माझं पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेलं. गाडी आता रामधनची, दुसऱ्याचा कागद कायले फोडा, म्हणून पंजाबरावांनी ते बंदच आणून दिलं. नेमका दसरा होता. रामधनची बायको भागिरथा, उपासाची बाई, माझी पूजा करत होती.

"कंपनीचा कागद, अन् आजच्या दिवशी!" तिने पाकिटाला हळद-कुंकू लावलं आणि माझ्या समोरच्या काचेपाशी देवीच्या तसबिरीमागे ठेवलं.

"पाहू तं दे, काय लिवलं," रामधन म्हणाला.

"पूजेतली वस्तू फोडत नाई. दिवाळी होऊ द्या."

दिवाळी झाली. पाकीट तिथेच राहिलं. नळी झिजतच होती. रोज प्रवास करणाऱ्या नीलिमा मॅडम एकदा म्हणाल्या, "रामधनभाऊ, लिंबू-मिरची नवी अन् ब्रेक जुना काहो?"

"देवी हाय नं समोर!" रामधन हसला. सगळे हसले. मी तेवढी धास्तीत होते.

एका गुरुवारी भागिरथा कारंज्याला दर्शनाला निघाली. उतारावर रामधनने पाय दाबला आणि ब्रेक थेट तळाला गेला. त्याने मला तुरीच्या शेतात घातलं. बाकीचे वाचले. भागिरथाचा उजवा हात मोडला.

तसबीर पडली, पाकीट तिच्या मांडीवर आलं. मॅडमनी ते फोडून वाचलं, "ब्रेकची नळी सदोष आहे. गाडी चालवू नका. मोफत बदलून मिळेल."

भागिरथाने पाकीट डाव्या हातात घेतलं. मग म्हणाली, "मी तं रोज याले उदबत्ती ओवाळली वं, मॅडम."

आता ती डाव्या हाताने वात लावते. मी अंगणात उभी असते.

मित्रांनो, आम्हाला फुलं वाहा, नाही कोण म्हणतं? पण आधी आमचा कागद वाचा. आम्हाला मागता येत नाही.