पिशवीतला पिरॅमिड

धाकट्या जावेचं नि माझं एका घरात पटत नाही, ते एका शाळेत काय पटणार? त्यात गणिताची कायमची जागा एकच. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, फर्मावलं की आठवीला पिरॅमिडचं घनफळ दोघींनी मिळून शिकवायचं. त्या मागे बसून बघणार आणि मग ठरवणार. एका म्यानात दोन तलवारी घालायच्या आणि वर म्हणायचं, भांडू नका.

मी प्रिझम, म्हणजे वरून उघडा चौकोनी डबा, करायचा, तिनं पिरॅमिड. दोन्हींचा तळ बारा सेंटिमीटरचा चौरस, उंची दहा. पिरॅमिड वाळूनं भरून तीनदा ओतला की प्रिझम काठोकाठ भरतो, एवढंच दाखवायचं होतं.

आदल्या संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर पुठ्ठा कापत बसली होती. मी पाणी प्यायला गेले आणि नजर पडली. चारही त्रिकोण तिनं दहा उंचीचे कापले होते. अगं बये, ते उभे केल्यावर आत कलणार, टोक खाली येणार. लंब उंची राहणार आठ. दहा हवी तर त्रिकोण पावणेबाराच्या आसपास कापावा लागतो. मी पाणी प्यायले, पेला विसळून ठेवला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. खोलीत जाऊन दार लावलं आणि बरोबर मापाचा पिरॅमिड करून पिशवीत टाकला.

वर्गात तिचं तिसरं माप ओतून झालं तरी प्रिझम वर दोन सेंटिमीटर रिकामाच. मुलं खिदळली. तिनं वाळू सपाट केली, डबा हलवला, म्हणे दबली असेल. मग मी उठले. तिरकस उंची आणि लंब उंची फळ्यावर काढून दाखवल्या, पिशवीतला पिरॅमिड काढला आणि तीनदा ओतला. प्रिझम काठोकाठ भरला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी जावेकडे पोटभर बघून घेतलं.

तास संपल्यावर मोठ्या बाईंनी माझा पिरॅमिड हातात घेऊन फिरवून बघितला.

"हा कधी केलात?"

"काल संध्याकाळी," मी ताठ मानेनं सांगितलं.

"म्हणजे हिचं चुकतंय हे काल माहीत होतं. एका घरात राहता, सांगितलं नाहीत. मुलांचा अर्धा तास मात्र जाऊ दिलात."

मी म्हटलं, चूक तर तिची आहे ना.

"तिचीच. आता कळली तिला, पुन्हा नाही करणार. तुमचं काय करू?"

जागा तिला मिळाली. मी अजून तात्पुरतीच आहे. माझा पिरॅमिड त्या मेलीनं वर्गाच्या कपाटात ठेवलाय आणि प्रत्येक तुकडीला त्यानंच वाळू ओतून दाखवते. घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत सांगते, "ताई, तुमचा अगदी बरोबर भरतो हं." मी उठते आणि पेला विसळते.