क ला वळसा

भिंगरीला क म्हणता यायचा नाही. ग यायचा, घ यायचा, ळ तर जीभ वळवून असा म्हणायची की ऐकत राहावं. पण क आला की गाडी थेट त वर. केळं म्हणजे तेळं, कात्री म्हणजे तात्री आणि काका म्हणजे ताता.

ह्या तातावर घरात सगळे खूश होते, आणि सगळ्यात जास्त खुद्द ताता. तो घरातला धाकटा. भिंगरीचे आईबाबा, म्हणजे त्याचे दादा-वहिनी, ह्यांच्याकडेच राहायचा. शाळा नववीतच सोडलेली. आता रेडियमच्या दुकानात गाड्यांच्या नंबरप्लेटवर आकडे आणि मागच्या काचेवर नावं चिकटवायचा. हात एकदम स्थिर, डोकं मात्र तेवढंच गरम. एखादं गिऱ्हाईक म्हणालं, ‘जरा तिरकं वाटतंय,’ की ह्याचं सुरू, ‘तिरकी तुमची मान आहे.’ मालक मधे पडायचा म्हणून गिऱ्हाईकं टिकली होती.

भिंगरीची शाळा सुरू व्हायला थोडे दिवस राहिले तेव्हाची गोष्ट. धाकटा कामावरून येत होता, तर जिन्यात शेजारची पोरं तिला घेरून उभी. ‘म्हण ना, केळं म्हण!’ ती म्हणायची, ‘तेळं!’ आणि पोरं लोळून हसायची. तीही त्यांच्याबरोबर खिदळत होती. तिला वाटत होतं, आपण काहीतरी भारी करतोय.

धाकट्याला मात्र आपली शाळा आठवली. पाचवीत असताना त्यानं वर्गात उभं राहून धडा वाचला होता. ‘शिक्षक’च्या जागी ‘सिक्सक’ म्हणाला, आणि तेच त्याचं नाव पडलं. सिक्सक आला, सिक्सक गेला. नववीपर्यंत. त्यानं शाळा का सोडली ह्याची कारणं घरचे बरीच सांगायचे. त्यात हे नव्हतं, कारण ह्यानं कधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो दुकानातून लाल रेडियमचा तुकडा घेऊन आला, तळहाताएवढा क कापला आणि फ्रीजच्या दारावर चिकटवला.

‘हे बघ. ही उभी काठी. डावीकडे पोट. उजवीकडे शेपूट. फिरव बोट.’

भिंगरीनं बोट फिरवलं. पाटीवरही झकास काढला, शेपटीला एक जादा गिरकी देऊन.

‘आता म्हण.’

‘त!’

‘अगं क. कपातला क.’

‘तपातला त.’

शिलाई मशीनवर बसलेल्या वहिनीला हसू आवरेना. ‘भाऊजी, राहू द्या. येईल आपोआप. मी लहानपणी र ला ल म्हणायचे, काय बिघडलं?’

‘वहिनी, तुम्ही मधे पडू नका. शाळेत पोरं फाडून खातील तिला.’

मग तो आरशासमोर उभा राहून स्वतःच त आणि क म्हणत बसला. त म्हणताना जिभेचं टोक दातांकडे पळतं, क म्हणताना खालीच बसून राहतं, एवढं त्याच्या लक्षात आलं. चमचा उलटा धरून त्यानं दांड्यानं भिंगरीच्या जिभेचं टोक हलकेच दाबलं. ‘म्हण.’

‘क!’

आला की! चमचा काढला की त, घातला की क. दोघं हसून हसून बेजार.

‘आता काय शाळेत चमचा घेऊन जाणार?’

‘हो. डब्यात ठेवीन.’

इथवर सगळं चांगलं होतं. इथंच थांबला असता तर बरं झालं असतं. पण शाळा जवळ आली, चमच्याशिवाय क काही येईना, आणि धाकट्याचा तोल जायला लागला. एका सुट्टीच्या सकाळी भिंगरी कंटाळली. स्टुलावरून घसरायला लागली, मुद्दाम ‘ततततत’ करायला लागली. दादा बाहेर गेलेला, वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. ह्यानं फ्रीजच्या दारावर अशी थाप मारली की आतल्या बाटल्या खणखणल्या.

‘काका! का-का! एवढं साधं येत नाही? सगळे हसणार आहेत तुला. वर्ग हसणार आहे. म्हण!’

भिंगरीनं त्याच्या तोंडाकडे नाही, हाताकडे पाहिलं. मग घशातून, खोकल्यासारखा, आवाज आला.

‘क.’

‘परत.’

‘क.’

त्यानं तिला उचलून गरागरा फिरवलं. एरवी अशी फिरवली की ती ओरडून घर डोक्यावर घ्यायची. त्या दिवशी गप्प होती. त्याला ते दिसलं, पण तो आपल्याच खुशीत होता.

आणि त्यानंतर खरंच, भिंगरीच्या तोंडून एकही चुकीचा त आला नाही. केळं हवं असलं की म्हणायची, ‘ते पिवळं, सालवालं फळ दे.’ कुत्रा भुंकला की, ‘शेजारचा शेपटीवाला ओरडतोय.’ आईला म्हणायची, ‘ते दोन पात्यांचं दे ना.’ आणि धाकट्याकडे काही काम असलं की येऊन शर्ट ओढायची. त्याला ते फार गोड वाटायचं.

दुकानात तो मालकाला फुशारकीनं सांगायचा, ‘पोरगी काय बोलते! कात्रीला दोन पात्यांचं म्हणते. वकील होणार.’

‘म्हणजे तुझ्यावर नाही गेली,’ मालक म्हणायचा.

शाळा सुरू झाली. पहिले काही दिवस वहिनीनं नेलं-आणलं. मग एक दिवस तिचं शिवणाचं काम अडलं आणि आणायला धाकटा गेला. फाटकाशी बाई उभ्या. नेणारं माणूस कोण ते पोरानं स्वतः सांगायचं, मगच सोडायचं, अशी त्यांची पद्धत.

भिंगरीच्या पुढचा पोरगा ओरडला, ‘आई, मी तावळा ताढला!’

‘हो, काळा काळा कावळा काढला ह्यानं,’ बाई म्हणाल्या.

‘हो, ताळा!’

कुणी हसलं नाही. आई त्याचा दुसरा बूट शोधत होती. मागची पोरं एकमेकांच्या बाटल्यांतलं पाणी उडवत होती. धाकटा त्या पोराकडे बघतच राहिला.

‘तुला न्यायला कोण आलंय गं?’ बाईंनी भिंगरीला विचारलं.

भिंगरीनं त्याच्याकडे पाहिलं.

‘बाबांचा भाऊ.’

रांगेतल्या बायका खळखळून हसल्या. ‘बाई गं, काय पोरगी आहे!’ बाईही हसल्या. ‘म्हणजे काका ना?’ भिंगरीनं मान हलवली.

‘तुमची पोरगी फार शांत आहे हो,’ बाई त्याला म्हणाल्या. ‘विचारलं की नुसती मान हलवते.’

‘घरी तर सारखी बोलते,’ म्हणता म्हणता धाकटा अडखळला. पिवळं फळ. शेपटीवाला. दोन पात्यांचं. शर्ट ओढणं. फ्रीजवर थाप मारली त्या दिवसापासून तिनं त्याला एकदाही हाक मारली नव्हती. पोरीला बोलताना क आलाच नव्हता. ती त्याला वळसा घालून चालली होती, आणि त्या वळशात हाही बाहेर पडला होता.

फाटकापासून थोडं पुढे येऊन तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

‘भिंगरे, ताता म्हण.’

‘तसं नसतं म्हणायचं.’

‘असतं. मी सांगतो ना, असतं. मीच चुकलो. म्हण बघू, ताता.’

तिनं पुन्हा त्याच्या हाताकडे पाहिलं. हातात तिचंच दप्तर होतं. मग त्याची समजूत घालावी तशी म्हणाली, ‘मी शाळेत बोलतच नाही. म्हणून वर्ग हसत नाही मला.’

त्यानं तिला स्कूटरवर पुढे उभं केलं आणि गाडी काढली. पुढच्या काचेवर त्यानंच चिकटवलेलं ‘ताता’ हे नाव उन्हात चमकत होतं. तिकडे न बघता तो नुसता गाडी पळवत राहिला. एका वळणावर भिंगरीनं आरसा घट्ट धरला.

‘ओ,’ ती म्हणाली, अनोळखी रिक्षावाल्याला म्हणतात तसं. ‘हळू चालवा ना.’

त्यानं गाडी हळू केली.