लिंकनच्या पक्षाची ओळ

‘रिपब्लीकन’मधली ली दीर्घ पडली होती. ओल्या प्रुफावरची शाई बोटाला लागत होती, आणि त्या वेलांटीवर पेन्सिल टेकवून अभिमन मास्तर केव्हाचा थांबला होता. वेलांटी ऱ्हस्व केली की पत्रक बरोबर झालं, खाली आपलं नाव छापायला आपण मोकळे… इतकं सोपं असतं होय?

समोर उत्तमचंदभाऊ. सोनगीरचे कापडवाले, राज्य करणाऱ्या पक्षाचे तालुक्यातले कर्ते. जिल्हा परिषदेसाठी त्या पक्षाची आणि आमच्या रिपब्लिकनांची युती झालेली. आमच्या वस्तीने भाऊंच्या पक्षाला मत द्यावं, हे सांगणारं पत्रक मास्तरच्या नावाने निघायचं होतं. त्यासाठीच भाऊंनी त्याला धुळ्याच्या या छापखान्यात बोलावलं होतं.

“मास्तर, तुम्ही शाळेत अमेरिका शिकवता,” भाऊ म्हणाले. “एक ओळ टाका. लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाने गुलाम मुक्त केले. तुमच्या पक्षाचं नावही तेच. मतं एकगठ्ठा येतील.”

एकगठ्ठा… कापडाचा गठ्ठा बांधणाऱ्याच्या तोंडून कसा सहज निघाला शब्द. ओळ खरी होती, तेच तर दुखणं. पण तिच्यापुढचं कोण छापणार? की त्यानंतर बारा वर्षांत त्याच पक्षाने अध्यक्षपदाच्या वादात तडजोड केली, दक्षिणेतलं उरलंसुरलं सैन्य काढून घेतलं, आणि काळी माणसं जुन्या मालकांच्या तावडीत सोडून दिली. आणि परवा, चौसष्ट साली, समान हक्कांच्या कायद्यावर सही केली ती गुलामांच्या मालकांचा म्हणवल्या जाणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षाने! त्याच्याच पक्षाचे दक्षिणेकडचे लोक कायदा अडवून बसले होते, आणि तो पास करायला रिपब्लिकनांची मतं लागली. तरी त्या वर्षी रिपब्लिकनांचा उमेदवार निघाला तो कायद्याच्या विरोधात मत दिलेला. मुलं वर्गात विचारतात, सर, मग चांगला पक्ष कोणता? मी फळा पुसायला लागतो.

दाराशी निंबा आबा बसले होते, मास्तरचे वडील. डोळे दाखवायला धुळ्याला आलेले, ते इथे टेकले. टेकले कसले, भाऊंनी स्वतः खुर्ची पुढे केली. “आबा, वर बसा ना.” हेच भाऊ, दुकानाच्या पायरीखाली आबांना उभं करून धोतरजोडी वरून टाकायचे, ‘ए निंब्या’ म्हणायचे, ती जोडी आठ वर्षांच्या अभिमनने झेललेली आहे. आता आबा. माणूस बदलला, की निवडणूक आली? आणि निवडणुकीमुळे का होईना, खुर्ची तर मिळाली… तिकडच्या त्या कायद्यालाही मतांचीच गरज नव्हती का? मग काय वाईट? काय वाईट ते सांगता येत नव्हतं, आणि भाऊंच्या हसण्यावरचा संशय काही केल्या हटत नव्हता.

आबांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा उजळला.

“अमेरिकामा बी आपलीच पार्टी शे का रे, अभिमन?”

भाऊ मोठ्याने हसले. “आहे ना आबा, आहे.”

नाही म्हणायला मास्तरने तोंड उघडलं. पण समजावणार काय? की नाव तेवढं तेच, माणसं वेगळी. आणि तिथेही नाव तेच राहिलं, आतलं बदलत गेलं? बाबासाहेबांनी दिलेलं नाव; त्याच्याआड वेगळं काही असू शकतं, हे आबांच्या मनातच येत नाही. आपण गप्प बसलो, हे त्याच्या जरा उशिराच लक्षात आलं.

“वाचून दाखवू का, आबा?” त्याने विचारलं. आबांनी तरी हरकत घ्यावी, असं त्याला मनापासून वाटत होतं.

“कसाले? खाले तुनं नाव शे ना? मंग बठ्ठा लोके मत देतीन.”

बठ्ठा लोके, म्हणजे सगळीच माणसं. दिवसभर तो त्यांचा शब्द न् शब्द तपासत होता, खुर्चीसुद्धा तपासून झाली होती. आणि वस्तीतलं कुणी, एकसुद्धा माणूस, त्याला तपासणार नव्हतं. ओळ नको म्हणावं, की नावच नको म्हणावं… आणि या सगळ्याखाली, अगदी तळाशी, आपलं नाव छापलेलं कसं दिसेल हे बघायची एक बारीकशी हौस होती. ती कधीपासून होती, ते त्याला आठवेना.