एकवीस अस्पष्ट जागा

परदेशातल्या एका विद्यापीठाने पाठवलेल्या फॉर्मच्या दुसऱ्या पानावर एक रकाना होता. 'सोबत कोणी येणार आहे का?' त्यापुढे दोन चौकोन, 'एकटे' आणि 'जोडीदारासह'. प्रोफेसरांनी 'एकटे'वर खूण केली, तीही बायको भाजी आणायला गेलेली बघून. ती परत आल्यावर त्यांनी जमेल तेवढा चेहरा पाडला आणि सांगितलं, "एकट्यालाच बोलावलंय गं. त्यांच्याकडे जोडप्याची सोयच नाही."

बायकोने पिशवी ओट्यावर ठेवली. "असू दे," ती म्हणाली. "सहा महिने काय, बघता बघता जातील." तिचा पासपोर्ट महिन्यापूर्वीच घरी आला होता. फोटोत केस नीट आले नाहीत म्हणून ती दोन दिवस कुरकुरली होती. त्या दिवशी तिने तो कपाटात साड्यांखाली ठेवून दिला आणि नवऱ्याच्या स्वेटरना बटणं लावायला बसली.

आता गंमत अशी झाली की परदेशातल्या त्या विद्यापीठाच्या निवासात एकट्याच्या खोल्या संपलेल्या होत्या. प्रोफेसरांना मिळालं ते जोडप्याचं घर. दोन पलंग, दोन कप, दोन किल्ल्या, खुंटीवर दोन टॉवेल. साफसफाईला दर सोमवारी एक बाई यायची. पहिल्याच सोमवारी तिने दोन्ही पलंगांवर धुतलेल्या चादरी घातल्या आणि विचारलं, "मॅडम कधी येणार?" माणसाने सरळ सांगावं की नाही येणार. पण प्रोफेसरांच्या तोंडून निघालं, "पुढच्या महिन्यात." एकदा थाप मारली की ती निभवावी लागते. मग ती बाई दर सोमवारी न वापरलेली चादर बदलायची, न वापरलेला टॉवेल बदलायची, आणि प्रोफेसर तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत उभे राहायचे.

बायकोला का टाळलं? भांडण नव्हतं, कंटाळाही नव्हता. कारण साधं होतं आणि लाजिरवाणं होतं. इथल्या ग्रंथालयाने कुठल्याशा जुन्या संग्राहकाकडून मोडी लिपीतल्या पत्रांच्या दोन ट्रंका घेतल्या होत्या. ती पत्रं वाचून त्यांची सूची करण्यासाठी प्रोफेसरांना बोलावलं होतं. आणि प्रोफेसरांना मोडी येत होती ती वर्गात शिकलेली, छापील नमुन्यांची, परीक्षेपुरती. खरी मोडी यायची बायकोला. तिचे वडील जमिनीच्या दफ्तरात कारकून होते, आणि ती लहानपणी त्यांच्या टेबलासमोर बसून उलट्या बाजूने कागद वाचायची. कसलंही घाईचं, घसटलेलं, शाई उडालेलं अक्षर असो, ती पेपरातल्या बातमीसारखं वाचून टाकायची. लग्नाला तीस वर्षं झाली होती. तीस वर्षं ती वाचत होती आणि प्रोफेसर लिहीत होते. पुस्तकावर नाव एकाचंच होतं. प्रस्तावनेच्या शेवटी 'वेळोवेळी चहा देणाऱ्या सौ.चे आभार' एवढं एक वाक्य होतं.

ती इथे आली असती तर वाचनकक्षात कागदावर वाकून धडाधडा वाचत सुटली असती, आणि सगळ्यांदेखत प्रोफेसर शेजारी तिची पिशवी धरून उभे राहिले असते. म्हणून ती खूण.

दिवस मात्र ठरल्यासारखे चालले होते. सकाळी कोट आणि पिशवी लोखंडी कपाटात ठेवायची, फक्त पेन्सिल आणि फोन घेऊन आत जायचं, ग्रंथपाल बाई ट्रे आणून ठेवायच्या. प्रोफेसर कपाळाला आठ्या घालून तासभर कागदाकडे बघायचे, मग फोटो काढायचे आणि घरी पाठवायचे. बायकोला लिहायचे, 'सहज नजर टाक.' ती शनिवारी आठवड्याचं सगळं वाचन एकगठ्ठा पाठवायची. रविवारी प्रोफेसर ते टंकायचे, त्याचा अनुवाद करायचे, आणि सोमवारी ग्रंथपाल बाईंच्या हातात द्यायचे. मंगळवारच्या चहाला विभागातले लोक म्हणायचे, तुमचा वेग थक्क करणारा आहे. प्रोफेसर मान खाली घालून म्हणायचे, सवयीचा भाग आहे. लोकांना तो विनय वाटायचा.

घरी व्हिडिओवर बोलताना ते भिंतीला पाठ लावून बसायचे, म्हणजे दुसरा पलंग दिसणार नाही.

"जेवलात का?" बायको विचारायची.

"जेवलो."

"आवाज घुमतोय. खोली मोठी आहे वाटतं."

"छे गं. सामान कमी आहे, म्हणून घुमतो."

फोन ठेवल्यावर रोज ठरवायचे, उद्या सांगून टाकू. दुसरा दिवस उजाडला की पुन्हा फोटो काढून पाठवायचे.

पाच महिने झाले. पहिली ट्रंक संपली. सूची छापायला जाणार होती. एका बुधवारी ग्रंथपाल बाईंनी प्रोफेसरांना आपल्या टेबलाशी बोलावलं. त्यांच्यासमोर दिवा होता, भिंग होतं आणि एक यादी होती.

"एकवीस ठिकाणी तुम्ही 'अस्पष्ट' लिहिलंय," त्या म्हणाल्या. "एवढ्या कामात एकवीस म्हणजे काहीच नाही. पण मला एक शंका आहे. मला ही लिपी येत नाही, मी फक्त आकार बघते. हा आकार आणि हा आकार एकच आहे ना?"

त्यांनी दोन पत्रं शेजारी ठेवली. प्रोफेसर वाकले. डावीकडच्या पत्रात, मायन्याच्या ओळीत, 'विज्ञापना' होतं. उजवीकडच्या पत्रातही त्याच जागी तेच होतं, उलट जास्त ठसठशीत. पत्रांच्या सुरुवातीला शंभरदा येणारा शब्द. वर्गातली पोरंही पहिल्या आठवड्यात ओळखतात. डावीकडे त्यांनी तो नीट टंकला होता, आणि उजवीकडे स्वतःच्या हाताने टंकलं होतं, 'अस्पष्ट'.

त्यांनी यादीतली पुढची जागा बघितली. 'चिरंजीव'. त्याच्या पुढची, 'कळावे'. सगळे असेच, डोळे मिटून वाचावेत असे शब्द. पाच महिन्यांत त्यांनी एकदाही मूळ कागद आणि बायकोचं वाचन शेजारी ठेवून बघितलं नव्हतं.

"दिवा जरा कमी आहे," ते कसेबसे म्हणाले. "उद्या सांगतो."

ग्रंथपाल बाईंनी दिव्याकडे बघितलं, प्रोफेसरांकडे बघितलं, आणि कागद ट्रेमध्ये ठेवले.

दुपारी खोलीवर येऊन त्यांनी घरी फोन लावला. या वेळी भिंतीला पाठ लावली नाही.

"अगं, त्या अस्पष्ट जागा," ते म्हणाले. "त्यात एक 'विज्ञापना' आहे."

"आहे ना. तिसऱ्या आठवड्यातली."

"तुला वाचता आली नाही?"

"आली की." बायको शेंगा सोलत होती, तिने हात थांबवला नाही. "दर शनिवारी एक शब्द सोडायचे मी. मुद्दाम सोपाच. म्हटलं, एकदा तरी तुम्ही कागद बघाल आणि विचाराल, हे कसं गं राहिलं? मग मीही एक विचारणार होते."

"काय?"

"फॉर्मबद्दल. त्याची झेरॉक्स तुम्ही विजेच्या बिलांच्या फायलीत ठेवलीत. आपल्या घरात विजेची बिलं कोण भरतं?"

"तू," प्रोफेसर म्हणाले.

"आणि पहिल्या दिवशी मला खिडकी दाखवलीत, तेव्हा काचेत दोन पलंग दिसले. मागे टॉवेलही दोन."

"तू आली असतीस," प्रोफेसर म्हणाले, "तर सगळ्यांना कळलं असतं वाचतं कोण. मला त्याची भीती वाटली. मी वाईट वागलो गं."

शेंगांचा आवाज थांबला होता.

"वाईटच वागलात," ती म्हणाली. "आणि तो चहा."

"कसला चहा?"

"पुस्तकात माझे आभार मानलेत ना, चहाबद्दल. त्या पुस्तकातली दोनशे पत्रं मी वाचली. चहा तर तेव्हा तुम्ही करायचात, मी वाचत असायचे म्हणून."

दुसऱ्या दिवशी प्रोफेसर ग्रंथपाल बाईंच्या टेबलासमोर उभे राहिले आणि सगळं सांगितलं. सारवासारव करायला दोनदा जीभ वळली, पण त्यांनी ती आवरली. बाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग पाच महिने इथे तुम्ही काय करत होता?"

"फोटो काढत होतो," प्रोफेसर म्हणाले.

बाईंनी त्यांच्या बायकोचं नाव विचारलं आणि स्वतःच्या वहीत लिहून घेतलं. एकवीस शब्द त्याच संध्याकाळी आले. सूचीच्या पहिल्या पानावर 'वाचन' या शब्दापुढे तिचं नाव बसलं, आणि 'अनुवाद' पुढे त्यांचं. मंगळवारच्या चहाला प्रोफेसर गेले नाहीत.

दुसरी ट्रंक अजून उघडायची होती. त्या कामाचं बोलावणं पंधरा दिवसांनी घरी गेलं, थेट बायकोच्या नावाने. त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"फॉर्म भरतेय," ती म्हणाली. "दुसऱ्या पानावर तो रकाना आहे. सोबत कोणी येणार का. काय लिहू?"

प्रोफेसरांची मुदत पंधरा दिवसांत संपत होती. राहता आलं असतं. दोन पलंगांचं घर होतं, आणि शेजारी बसून कागद सरळ करायला, पेन्सिलीला टोक काढायला, चहा करायला ते आनंदाने राहिले असते. हे सगळं ओठांवर आलं होतं. पण तिला 'माझ्यासाठी जागा ठेव' म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

"एकटी लिही," ते म्हणाले.

"तेच लिहिलंय," बायको म्हणाली. "तुम्ही काय म्हणता ते बघत होते."

सोमवारी साफसफाईची बाई आली. सवयीने तिने विचारलं, "मॅडम कधी येणार?"

"पुढच्या महिन्यात," प्रोफेसर म्हणाले. बाई हसली. हे उत्तर तिने बऱ्याचदा ऐकलं होतं.

"खरंच येणार आहेत," ते म्हणाले. "त्यांना खिडकीजवळचा पलंग द्या. कागद वाचायला उजेड लागतो."

"आणि तुम्हाला हा?" तिने दुसऱ्या पलंगाकडे बोट केलं.

"मी नसेन," प्रोफेसर म्हणाले, आणि खुंटीवरचा दुसरा टॉवेल काढून, घडी घालून, तिच्या हातात दिला.