वहिनी परत कधी येणार

गादीची जाहिरात करून करून माणूस किती करणार? मऊ आहे, टिकते, पाठ दुखत नाही. यापुढे वाक्य सुचत नाही. गाद्यांच्या दुकानवाल्यांच्या मोठ्या सुनेलाही ते सुचत नव्हतं, आणि पलीकडच्या चौकात काचेचं नवं शोरूम उघडल्यापासून यांच्याकडे माशा मारायची वेळ आली होती. शेवटी तिने संगणकावरच्या एआय मदतनिसाला विचारलं. सासरे त्याला बिनपगारी म्हणायचे. बिनपगारीने तिलाच उलटा प्रश्न केला: तुम्ही स्वतः कोणत्या गादीवर झोपता, आणि झोपेवरून घरात कधी खटके उडतात का?

उडत होते. नवरा पंखा जोरात लावायचा, ती उठून बंद करायची. तिने ते गमतीगमतीत लिहून टाकलं, आणि बघता बघता त्याचा फोनवरचा मेसेज झाला, गिऱ्हाइकांना जाणारं ईमेल झालं, रेडिओवरचा छोटासा संवाद झाला, बसच्या मागच्या बाजूला लावायचा फलक झाला. सगळीकडे तीच दोघं, दादा आणि वहिनी. फोटोही या दोघांचाच, कारण मॉडेल आणायची ऐपत कुणाची? सगळीकडे तेच भांडण, आणि शेवटी दोघं एका गादीवर गाढ झोपलेली. त्या आठवड्यात लोक दुकानात आले ते पंख्याचं पुढे काय झालं हे विचारायला. आले ते आले, जाताना गाद्या घेऊन गेले.

मग तिने मोठ्या हौसेने मदतनिसाला कायमची सूचनाच देऊन ठेवली. घरात काहीही घडो, त्याचा जाहिरातीत नवा भाग करायचा, आणि शेवटी दादा-वहिनी गादीवर परतली पाहिजेत. ही सूचना तिची स्वतःची होती हे इथेच सांगितलेलं बरं, कारण पुढे तिला दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय उरली नाही. नवऱ्याने त्यात एकच भर घातली: काहीही पाठवा, खाली दुकानाचा पत्ता हवा. एरवी माणूस म्हणजे गरीब गाय, पण पत्ता राहिला की दिवसभर धुसफुसायचा.

सुरुवातीला मजा होती, खोटं कशाला बोला. जेवताना दोघं दिवसभरातलं काय काय भागात बसेल ते एकमेकांना सांगायची आणि हसायची. हळूहळू जे भागात बसत नाही ते सांगायचं राहून जाऊ लागलं. पुढे पुढे तर नवरा काही ऐकत असला की तिला त्याच्या डोळ्यांत दिसायचं, हा ऐकत नाहीये, मापं घेतोय.

तिचे वडील आजारी पडले आणि त्यांची ओळख पुसत गेली. एका संध्याकाळी ती भांडी घासता घासता रडायला लागली, म्हणाली, बाबांनी आज मला ताई समजून, धाकटीला पाठव म्हणत परत पाठवलं. नवऱ्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग हळूच म्हणाला, "हे लिहून ठेव. थोडं हलकं करून घेतलं तर छान भाग होईल."

तो दुष्टपणाने म्हणाला नाही. त्याच्या परीने ते सांत्वनच होतं. आणि तिने खरोखरच हात पुसले आणि लिहिलं. मदतनिसाने मात्र विचारलं, हे फार खासगी वाटतंय, नक्की पाठवायचं का? तिने हो म्हटलं. जाहिरातीतल्या बाबांना नव्या गादीवर शांत झोप लागली, आणि सकाळी उठल्यावर त्यांनी धाकट्या लेकीला नावाने हाक मारली. खऱ्या बाबांनी शेवटपर्यंत मारली नाही. ते गेल्यावरही भाजीवाली विचारायची, बाबा छान झोपतात ना आता? ती हो म्हणायची आणि पिशवी उचलायची.

त्यानंतर नवरा मालावर लक्ष ठेवायच्या निमित्ताने दुकानावरच्या गोदामात झोपू लागला. शहरभर एका गादीवर झोपलेली ही दोघं घरी एका छपराखालीही झोपत नव्हती. भांडण नव्हतं. भांडायला दोघं जण लागतात, आणि इथे दोघंही फलकावर गेली होती.

तिने सासूला सांगून पाहिलं की मला वेगळं राहायचंय. सासू मटार सोलत होती. ती एवढंच म्हणाली की लोकांना काय सांगायचं. पूर्वी लोक म्हणजे शेजारपाजार, नातेवाईक. आता लोक म्हणजे दवाखान्यातली नर्स, बँकेतला कारकून, लिफ्टमधली अनोळखी बाई. हे सगळे तिला वहिनी म्हणायचे, पंखा चालू की बंद विचारायचे, आणि त्यांच्यासमोर हसणं हे तिचं कामच होऊन बसलं होतं. तिचा जीव गुदमरायचा, आणि गुदमरतोय हे सांगावं तर त्याचाही भाग व्हायचा.

शेवटी एका सकाळी ती बॅग भरून दुकानात गेली. नवरा मेजर टेपने फोम मोजत होता.

"मी ताईकडे चाललेय," ती म्हणाली. "चार दिवसांसाठी नाही. मला हे संपवायचंय. जाहिरात नव्हे, आपलं."

टेप सर्रकन आत गेली. तो फोमकडेच बघत राहिला. "दुकान बसेल गं," तो म्हणाला. "लोक तुझ्यासाठी येतात. मागे काम करणाऱ्या कारागिरांना काय सांगू?"

"खरं ते सांग."

त्याने खरोखर विचार केल्यासारखा चेहरा केला. मग म्हणाला, "बरं. पोचलीस की फोन कर."

टॅक्सी सिग्नलला थांबली ती नेमकी बसच्या मागे. समोर ती स्वतःच होती, दोन हात लांबीचा चेहरा, उशीवर गाल टेकलेला, शेजारी नवरा. सिग्नल सुटला तरी बस हलेना. टॅक्सीवाल्याने एकदा फलकाकडे पाहिलं, एकदा आरशात, आणि खूश होऊन विचारलं की वहिनी, दादांना सोडून कुठे निघालात? तिने सांगितलं, ताईकडे. तो म्हणाला, जा जा, पण लवकर परत या. सगळा रस्ता ती बस पुढेच राहिली.

ताई शिवणकाम करायची, दोन खोल्यांत एकटी राहायची. तिने काही विचारलं नाही. चहा ठेवला, कपाटाचा एक कप्पा रिकामा केला आणि म्हणाली, हा तुझा. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच हिला असं वाटलं की आपण जे बोललो ते कुणीतरी जसंच्या तसं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन वाजला. ताईने मेसेज वाचला, परत वाचला आणि फोन हिच्यासमोर धरला. वहिनी रुसून ताईकडे गेल्यात. दादा गादीच्या एका कडेला झोपतात, दुसरी कड तशीच ठेवून. तुम्हीच सांगा, काय म्हटलं म्हणजे वहिनी परत येतील? उत्तम उत्तराला दोन उशा भेट. खाली दुकानाचा पत्ता.

"म्हणजे रुसवाच आहे ना?" ताई म्हणाली. तिला हायसं वाटलं होतं. "मी उगाच कप्पा रिकामा केला."

दुपारपर्यंत ताईकडे ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका हिला निरखून बघू लागल्या. वरच्या मजल्यावरची आजी मुद्दाम जिना उतरून आली आणि असला नवरा मिळायला नशीब लागतं, असं सांगून गेली. एकीने उशांसाठी आपलं उत्तर पाठवलंही होतं, ते तिने हिलाच वाचून दाखवलं.

ती ताईचा फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दुकानाचं खातं उघडलं. पुढचं सगळं तयार होतं. वहिनींचं मन वळतंय, असं ईमेल. दारात उभ्या वहिनी, असा रेडिओचा संवाद. वहिनी आल्या, असा बसचा फलक, रंगसुद्धा ठरलेला. नवऱ्याने मदतनिसाला सांगितलं होतं की वहिनी रुसून गेल्यात, आणि बाकीचं तिच्याच जुन्या सूचनेप्रमाणे झालं होतं. तिला त्या यंत्राचा रागही येईना. त्याने तिचंच ऐकलं होतं.

तिने लिहिलं, मी रुसलेली नाही. मी नवऱ्याला सोडलंय. हे खरं आहे.

मदतनिसाने लिहिलं, वाईट वाटलं. मला हा ठरवलेला भाग म्हणून सांगितलं होतं. परत येण्याचा मजकूर मी थांबवतो. आणखी काय करू?

तिने एक वाक्य दिलं. मी घर सोडलंय आणि मी परत येणार नाही. यात काही घालू नकोस, काही गोड करू नकोस, सगळीकडे पाठव.

जसंच्या तसं पाठवतो, त्याने कळवलं. पण या नंबरवरून लोकांना आजवर भागच आलेत. ते हाही भागच समजतील असं मला वाटतं.

तिला ते पटलं नाही. इतक्या उघड्या वाक्याला कोण हसेल? तिने पाठव म्हटलं, आणि तिचे हातपाय हलके झाले. ती खाटेवर बसून राहिली, बाहेर ताईचं मशीन चालू होतं.

मग उत्तरं यायला लागली. बापरे, हा भाग भारी. वहिनी, एवढं ताणू नका. पुढचा भाग कधी? माझ्या सासूने तर रडून घेतलं. दादा, आता काय करणार तुम्ही? एकाने लिहिलं होतं की आम्ही आजच दुकानात जाऊन दादांना धीर देतो, गादीही बघायचीच आहे. ती वाचत गेली. एवढ्या माणसांत एकालाही शंका आली नव्हती.

फोन वाजला. नवरा होता. त्याच्या मागे गर्दीचा आवाज होता, प्लास्टिकच्या खोळी फाडल्याचा, कुणीतरी दादा, दादा म्हणून हाका मारत होतं.

"वाचलं," तो म्हणाला.

ती वाट बघत राहिली. तो एकदा बोलायला लागला आणि थांबला. त्याला सगळं कळलंय, हे तिला त्या थांबण्यावरून समजलं, आणि निदान आता तरी हा काही बोलेल असं वाटून तिने फोन कानाशी घट्ट धरला.

"खाली पत्ता राहिला," तो म्हणाला.

फोन बंद झाला. ताई दारात येऊन उभी राहिली, काय म्हणाला विचारू लागली. तेवढ्यात हातातल्या फोनवर नवा मेसेज आला. तिचंच वाक्य होतं, एक अक्षरही न बदललेलं, आणि खाली दुकानाचा पत्ता.